कॅन्सस सिटीत, बर्डच्या गावी

कॅन्सस सिटीला गेलो तो जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करसाठीच. जॅझवाले त्याला 'बर्ड' म्हणतात. जन्म 29 ऑगस्ट 1920 चा, कॅन्सस राज्यातल्या कॅन्सस सिटीतला. लहानाचा मोठा झाला तो मात्र शेजारच्या मिझुरीतल्या कॅन्सस सिटीत. नाव एकच, राज्यं दोन. हॉटेल ठरवताना तेवढं नीट बघून घ्या.

'एटीन्थ अँड व्हाइन' हा इथला जुना कृष्णवर्णीयांचा भाग. तिथल्या अमेरिकन जॅझ म्युझियममध्ये पार्करचा एक सॅक्सोफोन आहे, आणि तो चक्क प्लास्टिकचा आहे. ग्राफ्टन कंपनीचा अल्टो, म्हणजे लहान, उंच आवाजाचा सॅक्सोफोन. मलईच्या रंगाचं अंग, सोनेरी चाव्या. 15 मे 1953 ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि मॅक्स रोच यांच्यासोबत त्याने हाच वाजवला होता. ती मैफल मी किती वेळा ऐकली असेल! तो करारी, टोकदार आवाज या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या वाद्यातून निघाला, हे काचेला नाक लावून बघतानाही खरं वाटेना. 1994 साली लंडनच्या लिलावात नव्वद हजारांहून जास्त पौंड मोजून शहराने तो घरी आणला.

बाहेर जवळच पार्करचं भलंमोठं ब्राँझचं मस्तक आहे, रॉबर्ट ग्रॅहम यांनी घडवलेलं. डोळे मिटलेले. खाली 'बर्ड लिव्हज' अशी अक्षरं. 1955 मध्ये तो गेल्यावर न्यूयॉर्कच्या भिंतींवर हेच दोन शब्द रंगवले गेले होते. वय अवघं 34. पण तपासणाऱ्या डॉक्टरला तो माणूस पन्नाशीच्या पुढचा वाटला होता.

मला खरी ओढ होती ती हायलँड अव्हेन्यूवरच्या म्युच्युअल म्युझिशियन्स फाउंडेशनची. कृष्णवर्णीय वादकांच्या युनियनचं हे जुनं घर. शनिवारी मध्यरात्रीनंतर, आपापले कार्यक्रम आटोपून वादक इथे जमतात आणि पहाटेपर्यंत वाजवतात. आधी काही ठरलेलं नसतं. कुणीतरी धून सुचवतं आणि बाकीचे सुरू होतात.

मी भिंतीला टेकून उभा होतो. विशीतला एक पोरगा अल्टो घेऊन पुढे आला आणि ब्लूज सुरू झाला. त्याची बोटं चाव्यांवरून जेमतेम उचलली जात होती. पार्करच्या मोजक्या चित्रफिती उपलब्ध आहेत, त्यात त्याची बोटं अशीच दिसतात. या पोराने फक्त सूर उचलले नव्हते, हाताची ढबही उचलली होती. शेजारच्या वयस्क ट्रम्पेटवाल्याला मी हळूच विचारलं, "हे शिकवतं कोण?" तो म्हणाला, "रेकॉर्ड शिकवते."

पार्करही तसाच शिकला होता. 1936 साली इथल्या रेनो क्लबमध्ये, बँडप्रमुख काउंट बेसीच्या वादकांबरोबर वाजवताना पोरसवदा चार्लीचा ताल सुटला आणि ड्रमर जो जोन्सने झांज त्याच्या पायाशी भिरकावली. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडबरोबर राहिला आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या रेकॉर्ड घोटून घोटून परतला. त्यानंतर त्याची थट्टा करण्याची कुणाची टाप नव्हती.

त्याने केलं तरी काय? जुन्या लोकप्रिय गाण्यांचे कॉर्ड, म्हणजे साथीचे स्वरसमूह, तसेच ठेवून त्यांवर नव्या धुना उभ्या केल्या. 'चेरोकी'च्या कॉर्डवर 1945 मध्ये 'को-को' वाजवताना तो कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजल्यास नववा, अकरावा, तेरावा अशा वरच्या स्वरांवरून फिरतो. वाक्य भलत्याच मात्रेवर सुरू होतं, अनपेक्षित जागी संपतं, आणि तरी तोल ढळत नाही. याच शैलीला बीबॉप म्हणतात. पॉवेलने तीच भाषा पियानोवर बोलून दाखवली. 1970 च्या दशकात 'सुपरसॅक्स' नावाच्या मंडळींनी त्याचे सोलो पाच सॅक्सोफोनवर एकत्र वाजवले. क्षणात सुचलेली वादनं पुढच्यांसाठी बंदिशी होऊन बसली!

पण त्याच्या नादी लागणाऱ्यांनी त्याचं हेरॉईनचं व्यसनही उचललं, आणि कित्येक पोरं त्यात वाया गेली. याबाबत मला सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सची हकिकत फार लागते. पार्करने त्याला या व्यसनावरून खडसावलं होतं. रॉलिन्स केंटकीतल्या लेक्सिंग्टनला सरकारी रुग्णालयात उपचारांना गेला. बरं होऊन बर्डला सांगायचं होतं. पण तो तिथे असतानाच पार्कर गेला. हाच रॉलिन्स 1960 च्या दशकात आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. मुंबईला बीबॉपही परकं नव्हतं. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस ते आत्मसात करून पुढे रागांवर जॅझ वाजवू लागले.

रविवारी दुपारी लिंकन स्मशानभूमीत गेलो. बर्डची कबर आईच्या शेजारी आहे. दगडावर कोरलेला सॅक्सोफोन टेनर आहे, म्हणजे अल्टोहून मोठा, खालच्या आवाजाचा. तो आयुष्यभर मुख्यतः अल्टो वाजवणारा! माझा संतापच झाला. मात्र वर कुणी वादकाने वापरलेली रीड, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी, ठेवली होती, कड झिजलेली, आणि ती अल्टोची होती.

जाणार असाल तर शनिवार धरून जा आणि दुपारी झोप काढून घ्या. त्याआधी 'को-को' अर्ध्या वेगाने एकदा ऐकाच. हल्ली फोनवर तशी सोय असते. जुने वादक रेकॉर्ड हळू फिरवून हेच करत. पूर्ण वेगात जी नुसती सळसळ वाटते, तिच्यातला एकेक स्वर मग वेगळा, नेमका आणि गोल ऐकू येतो.