मिल्टनचा डोळा, टॅम्पाचं रडार: सरावाची नोंद

सध्या फ्लोरिडात धडकलेल्या मिल्टन हरिकेनचा (चक्रीवादळाचा) जुना रडार डेटा परत चालवून बघतोय. अमेरिकेतल्या रडारचा आर्काइव्ह फुकट मिळतो आणि नोआ या तिथल्या हवामान-सागर संस्थेचं वेदर अँड क्लायमेट टूलकिट, म्हणजे तो डेटा बघायचं सॉफ्टवेअर, साध्या लॅपटॉपवरही चालतं, त्यामुळे सरावाला यापेक्षा चांगलं काही नाही.

लाइव्ह पण बघितलं होतं. 10 ऑक्टोबर 2024, आपल्याकडे सकाळचे सहा म्हणजे तिकडे 9 तारखेची रात्र साडेआठ, नवरात्र चालू असल्याने इथे नाशिकला कालिकेच्या दर्शनाला पहाटेपासून रस्त्यावर गर्दी आणि मी मात्र रस्किनच्या रडारला (टॅम्पाचं रडार म्हणतात ते हेच) चिकटलेलो. पण लाइव्ह बघताना माणूस नुसते रंग बघतो. आता एकेक फ्रेम थांबवून डोळ्याचं, म्हणजे वादळाच्या मधल्या शांत भागाचं, केंद्र कुठे आहे ते वहीत मांडतोय, वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहायची (आपली वेळ हवी तर साडेपाच तास मिळवा), दोन ठिपक्यांतलं अंतर भागिले वेळ, की वेग आला. किनाऱ्याजवळ ताशी 25 किमीच्या आसपास येतो.

अडचण अशी की शेवटी शेवटी डोळा गोल राहिलाच नाही. 7 तारखेला मिल्टन कॅटेगरी 5 (सगळ्यात वरची) होतं, दाब 900 मिलिबारच्याही खाली उतरलेला, पण किनारा गाठेपर्यंत विंड शिअर (उंचीनुसार बदलणारा वारा) आणि कोरड्या हवेने कॅटेगरी 3 वर आलं, दक्षिणेकडचा पाऊस गळून गेला आणि घोड्याच्या नालेसारखं अर्धंच कडं उरलं. सगळा जोर उत्तरेला, सेंट पीटर्सबर्गला 18 इंचांच्या वर पाऊस झाला तो त्यामुळेच. अशा वेळी रिफ्लेक्टिव्हिटीत (पावसाचा जोर दाखवणाऱ्या नेहमीच्या चित्रात) केंद्र शोधायला गेलं की ते पावसाच्या बाजूला ओढल्यासारखं वाटतं.

म्हणून व्हेलॉसिटी लावली, म्हणजे वारा रडारकडे येतोय की लांब जातोय ते दाखवणारं चित्र, आणि खरी मजा इथे आहे. मिल्टन जिथे किनाऱ्याला लागलं ते सिएस्टा की रस्किनच्या दक्षिणेला साधारण 50 किमी. वारा घड्याळाच्या उलटा फिरतो, म्हणजे डोळ्याच्या पूर्वेचा वारा रडारकडे येतो, तो हिरवा, पश्चिमेचा लांब जातो, तो लाल. मधे जो राखाडी पट्टा दिसतो ना, तिथे वारा शांत आहे असं अजिबात समजू नका! डोळ्याच्या उत्तरेच्या भिंतीत वारा तुफान आहे, फक्त तो बीमला (रडारच्या किरणाला) आडवा जातोय आणि डॉपलरला (वेग मोजायच्या या तंत्राला) आडवं काही दिसत नाही. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा आणि लाल जिथे सगळ्यात गडद आहेत ते दोन ठिपके जोडायचे आणि मधोमध केंद्र धरायचं. या पद्धतीने माझी रेघ एकदम सरळ यायला लागलीय, आधी नुसती वेडीवाकडी जायची.

दुसरी गोष्ट उंचीची. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला बीम 50 किमीवर साधारण 600 मीटर उंचीवर असतो, म्हणजे बऱ्यापैकी खालचा वारा मिळतो. तेच कुलाब्याच्या रडारवरून आपलं नाशिक जवळपास 160 किमी, तेवढ्याच अंशाला बीम समुद्रसपाटीपासून तीनेक किमीवर पोचतो, शिवाय मधे सह्याद्री. त्यामुळे मुंबईच्या इमेजमध्ये नाशिकवर काही दिसलं नाही म्हणून पाऊस नाही असं धरू नये, आणि मॅक्स झेड (सगळ्या उंचींवरची जास्तीत जास्त रिफ्लेक्टिव्हिटी एकाच चित्रात) बघत असाल तर कडेच्या उंचीच्या दोन पट्ट्या आधी बघा, पाऊस किती वर आहे ते तिथेच कळतं.

आता इयान हे दुसरं हरिकेन घेतलंय, 28 सप्टेंबर 2022. ते फ्लोरिडातच कायो कोस्टाला आलं, म्हणजे त्याच रस्किनपासून सव्वाशे किमीच्या आत पण मिल्टनच्या दुपटीहून लांब, बीम पावणेदोन किमीच्या वर. तीच पद्धत तिथे किती टिकते ते बघायचंय. आणि 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडात आलं त्या दुपारपासून रात्रीपर्यंतच्या मुंबई रडारच्या इमेज कुणी सेव्ह केल्या असतील तर प्लीज द्या, व्हेलॉसिटीच्या असतील तर फारच बरं, ते आपल्याच, नाशिकच्या दिशेने सरकलं होतं आणि त्याची रेघ मला स्वतः काढायचीय.