ठाणे ते खारघर: नेपल्सच्या पिझ्झाच्या शोधात

ठाण्यात आणि नवी मुंबईत नेपल्सच्या धाटणीचा चांगला पिझ्झा मिळतो. शोधावा लागतो, आणि दुकानात बसूनच खावा लागतो. घरी मागवून तो मिळत नाही, हे सगळ्यात आधी सांगते, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे.

नेपल्समध्ये पिझ्झावाल्यांची एक संघटना आहे, असोसियात्सियोने वेराचे पिझ्झा नापोलेताना, १९८४ साली सुरू झालेली. अस्सल पिझ्झा कशाला म्हणायचं हे तिने लिहूनच ठेवलंय. पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. तेल नाही, साखर नाही. पीठ फुगायला कमीत कमी आठ तास. भट्टीचा तळ ३८० ते ४३० अंश सेल्सियस, घुमट ४८५ च्या आसपास, आणि पिझ्झा आत राहणार ६० ते ९० सेकंद. एवढ्या आचेत कड झटकन फुगते, पण मधलं पाणी उडायला वेळच मिळत नाही. म्हणून मधला भाग ओलसर आणि मऊ राहतो. हाच पिझ्झा खोक्यात बंद केला की ती वाफ कडेत शिरते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आलेला पिझ्झा चामट निघाला तर त्यात दुकानदाराचा काही दोष नाही.

दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. भट्टीवरचा माणूस बदलला की त्याच पाटीखाली वेगळाच पिझ्झा मिळायला लागतो. त्यापेक्षा मी आणि वहिनी फिरलो ते भाग आणि तिथे काय बघायचं ते सांगते.

ठाण्यात नौपाडा आणि राम मारुती रोडकडे जे मिळतं तो बेकरीच्या तयार बेसवरचा पिझ्झा: ढोबळी मिरची, कांदा, वर किसलेलं चीज. मला तो आवडतो, आमची पिढी त्याच्यावरच वाढली. पण तो वेगळा पदार्थ आहे, नेपल्सच्या मापाने त्याला तोलू नये. हिरानंदानी इस्टेटकडे लाकडाच्या भट्टीची पाटी दिसली की आत जाऊन बघावं, मात्र संध्याकाळी सहाच्या आत पोचावं. नंतर घोडबंदरवर सगळी संध्याकाळ गाडीतच जाते.

एका मॉलमध्ये मात्र मन खट्टू झालं. भट्टीच्या तोंडाशी लाकडं छान रचलेली, पण भट्टी गार. पिझ्झा मागच्या ओव्हनमधून येत होता. कड पांढरीफटक, आणि उचलून पाहिलं तर बुडाला जाळीचे चौकोनी ठसे. हे ठसे लक्षात ठेवा. पिझ्झा तारेच्या जाळीवर ठेवून भाजला की ते उमटतात. भट्टीच्या दगडावर भाजलेल्याच्या बुडाला वेडेवाकडे काळे ठिपके असतात, निखाऱ्यावर शेकलेल्या भाकरीला पडतात तसे.

खरा आनंद मिळाला नवी मुंबईत, सीवूड्सला. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून सीवूड्स-दारावेला उतरायचं. वाशी लोकल चालत नाही, ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते. दुकान छोटंसं, भट्टीसमोर चार उंच स्टुलं. बसायला तीच जागा मागा. भट्टीवरच्या मुलाने ट्रेमधला पिठाचा गोळा पत्र्याने अलगद सोडवला, कोरड्या पिठात दोन्ही बाजूंनी घोळवला आणि मधोमध बोटं दाबत हवा कडेकडे सारत नेली. शेवटच्या बोटभर कडेला त्याने हात म्हणून लावला नाही. मग गोळा एका तळव्यावरून दुसऱ्यावर आपटत मोठा केला. लाटणं कुठेच दिसलं नाही. लाटणं फिरलं की पिठात साठलेली सगळी हवा जाते, मग भट्टी कितीही तापलेली असो, कड फुगायची नाही.

मी विचारलं, “दादा, पीठ कधी मळलंय?”

“काल दुपारी, ताई. फ्रीजमध्ये होतं, आज चारला बाहेर काढलं. मे महिन्यात तर पाचशिवाय काढत नाही, इथल्या गरमीत लगेच आंबट होतं.”

असं उत्तर मिळालं की निर्धास्त बसा. आपला साधा मैदा लांब आंबवण्यात दम धरत नाही, त्यातलं प्रथिन कमी पडतं. म्हणून तो इटलीचा झिरो-झिरो मैदा वापरत होता. सॉस शिजवलेला नव्हता. डब्यातले सोललेले अख्खे टोमॅटो हाताने कुस्करलेले आणि मीठ, बास. डबा बघून नाक मुरडू नका, नेपल्समध्येही डब्यातलेच वापरतात. व्हेसुव्हियसजवळच्या सान मार्झानो टोमॅटोसारखा गर आणि गोडी आपल्या बाजारातल्या टोमॅटोला नसते. चीजचं मात्र तसं नाही. नेपल्सच्या आसपास मोझरेला म्हशीच्या दुधाचं करतात, आणि म्हशीचं दूध तर आपल्याकडे रोजचं. इथेच केलेलं ताजं मोझरेला, पाणी नीट निथळवलेलं असलं, तर झकास लागतं. वरचं बेसिलचं पान म्हणजे फालुद्यातल्या सब्जाच्याच जातीचं झाड. ते अख्खं आणि हिरवं असावं, सुकवलेला चुरा नको.

पिझ्झा दीड मिनिटात समोर आला. मध्ये ओलं बघून वहिनी म्हणाली, “अगं, हा कच्चा आहे का?” अशी शंका आली तर तुकडा फाडून आडवा बघा. सॉसच्या खाली पांढरी चिकट रेघ असेल आणि तोंडात पिठाची चव आली तर कच्चा, बिनदिक्कत परत करा. नुसता सॉस आणि चीजचा ओलावा असेल तर तो तसाच असायला हवा. टोक आत मुडपून, दुमडून हाताने खा. मिरचीचं आणि ओरेगानोचं पाकीट पहिला तुकडा संपेपर्यंत फोडू नका, एवढं माझं ऐका.

लाकडाचीच भट्टी हवी असा हट्ट मात्र धरू नका. युरोपीय संघाने २०१० साली हा पिझ्झा खास पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवला तेव्हा नियमात लाकडाचीच भट्टी होती, पण नेपल्सच्या त्या संघटनेने आता ठरावीक गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्याही मान्य केल्या आहेत. इकडे तर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्या वाढतच जातील. खारघरला आम्ही विजेच्या भट्टीतला खाल्ला. कड तेवढीच हलकी, बुडाला तसेच डाग. लाकडाचा किंचित धुरकट वास नव्हता, बाकी मी डोळे मिटून तरी फरक सांगू शकले नसते. विचारायचं ते तापमान. ‘चारशेच्या वर’ असं उत्तर आलं तर बसा, ‘अडीचशे’ म्हणाले तर पास्ता मागवा.

पहिल्यांदा जाल तिथे मारिनारा मागवा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल. चीजच नसल्याने पिठाला आणि सॉसला लपायला जागा राहत नाही. नंतर मार्गारिटा, म्हणजे टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलची. आम्हाला ती पाचशेच्या आतबाहेर पडली, आणि एक दोघींत पुरली नाही, तेव्हा माणशी एक धरा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मार्गारिटा बरी, पण सॉसमध्ये लसूण घालतात का ते विचारून घ्या. शाकाहारी असाल तर वर भुरभुरलेल्या पार्मेजान चीजचीही चौकशी करा. इटलीतल्या मूळ पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध विरजणारं द्रव्य, असतं. वहिनीने पाकीटच मागवून हिरवा ठिपका बघितला, आणि त्यांनीही ते कुरकुर न करता दाखवलं.

शनिवारी रात्री आठनंतर भट्टीवर इतका भार येतो की तळ तापायला फुरसत मिळत नाही आणि कड फिकी राहते. मधल्या वारी सातच्या सुमाराला जा. रविवारीच जमणार असेल तर निघण्याआधी ट्रान्सहार्बरला, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या मार्गाला, मेगाब्लॉक आहे का ते बघा.