बाळ घरी नेण्याआधी सिस्टरांनी मला जे शिकवलं

माझी लेक बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १३८० ग्रॅम. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ कमी दिवसांचं आणि अडीच किलोच्या आतलं कमी वजनाचं, एवढंच मला तोवर ठाऊक होतं. पुढचं सगळं मी नागपूरच्या एका सरकारी रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात शिकले, आणि शिकवलं ते बहुतेक सिस्टरांनी. डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण डॉक्टर राऊंडला येत, तपासून पुढच्या बाळाकडे जात. रात्रंदिवस बाळापाशी असत त्या सिस्टर. ज्यांचं बाळ सध्या आत आहे आणि ज्या बाहेरच्या बाकावर बसून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

बाळंतपणाआधी माझे पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं आणि तपासणीत बीपी १६०/११० निघाला. आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टर मॅडमनी वेळ न दवडता सांगितलं, "माझ्याकडे लहान बाळांची सोय नाही. बाळ पोटात आहे तोवरच मोठ्या दवाखान्यात जा." तो सल्ला लाखमोलाचा ठरला. जन्मलेल्या नाजूक बाळाला गाडीतून हलवण्यापेक्षा ते पोटात असताना आईला हलवणं केव्हाही सुरक्षित. १०८ ची गाडी आली. पोचल्यावर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं, आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. चौथं झाल्यावर सिझेरियन केलं.

शिशू कक्षाच्या दारात पहिली अडचण आली ती माझ्या हिरव्या चुड्याची. डोहाळजेवणातला चुडा, बाळंतिणीनं तो काढायचा नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आजी, बांगड्यांखाली आणि अंगठीखाली जंतू राहतात. साबण तिथवर पोचत नाही. बाळाला अजून जंतूंशी लढायची ताकद नाही." सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी माझा चुडा उतरवला आणि पदरात बांधून ठेवला. कोपरापर्यंत हात धुवायचे, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, मनगटं, आणि मग हवेत वाळू द्यायचे. पहिल्यांदा आत जाताना पूर्ण दोन मिनिटं. सिस्टर घड्याळ बघत उभ्या असत आणि डॉक्टरांनाही सोडत नसत.

लेक वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या पाळण्यात होती. नाकात सीपॅपच्या, म्हणजे दाबानं हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या नळ्या, बाजूच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. तिच्याभोवती कापडाच्या गुंडाळ्या करून घरटं केलेलं, म्हणजे हातपाय पोटाशी दुमडलेले राहतात. कक्षात मोठ्यानं बोलायचं नाही, दिवे मंद. रक्त घेणं, लंगोट बदलणं, तापमान बघणं ही कामं सिस्टर एकदमच करत आणि मग तिला बराच वेळ हात लावत नसत, कारण अशी बाळं झोपेतच वाढतात. टाच टोचण्याआधी माझ्या दुधाचा थेंब तिच्या जिभेवर ठेवत, त्यानं दुखणं कमी होतं. नाकाच्या पडद्याला जखम झाली नाही ना, हे नळी बाजूला करून दर पाळीत पाहत. ही कामं कागदावर एका ओळीचीही नसतात, पण लेक त्यांच्यावरच वाचली असं मी मानते.

मॉनिटरचा अलार्म ऑक्सिजन ९० च्या खाली गेला की वाजे, हे समजत होतं. पण ९५ च्या वर गेला तरी वाजे! मी विचारलं, जास्त असला तर चांगलंच ना? "नाही पोरी," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "यांच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या अजून वाढून राहिल्या आहेत. ऑक्सिजन जास्त झाला की त्या वेड्यावाकड्या वाढतात, नजर जाऊ शकते." आकडा वर सरकला की त्या हातातलं काम टाकून येत आणि ऑक्सिजन कमी करत.

दुधाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तिथेच बहुतेक आया हात टेकतात. लेक ओढू शकत नव्हती. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तरी ऑपरेशननंतर काही तासांतच सिस्टर उकळलेली स्टीलची वाटी घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या. गरम ओल्या कापडाचा शेक, हलकी मालिश, मग अंगठा आणि बोटं स्तनाच्या काळ्या भागाच्या मागे ठेवून आधी छातीकडे दाबायचं आणि मग एकमेकांकडे. पहिल्यांदा वाटीच्या तळाला चिकाचे पिवळे थेंब. मला वाटलं, एवढ्यानं काय होणार. सिस्टरांनी तो चीक सिरिंजमध्ये ओढला, थोडा तिच्या गालांच्या आतून लावला आणि उरलेला तोंडातून पोटात गेलेल्या नळीनं दिला. सुरुवात दोन-दोन मिलिलिटरपासून.

दिवसातून आठ ते बारा वेळा दूध काढायचं आणि रात्री चुकवायचं नाही, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. ज्या बायांना घरच्यांनी "रात्री झोपू दे तिला" म्हणून उठवलं नाही, त्यांचं दूध आटत गेलेलं मी पाहिलं. घरच्यांनी माया दाखवायची तर बाळंतिणीला रात्री उठवावं आणि वाटी धुऊन द्यावी. सासूबाई हळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणत. सिस्टर म्हणत, खा, पण दूध वाढतं ते काढल्यानं.

नळीनंतर वाटी-चमचा आला. सासूबाई म्हणाल्या, "हे तर आपलं बोंडलं!" आणि खरंच, पलाडाई नावाचं जे भांडं सिस्टर वापरत ते लांब चोचीचं बोंडलंच. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, कड ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, ते गिळेल तसं द्यायचं, ओतायचं नाही. बाटलीला तिथे सक्त मनाई होती.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणं, मला आधी गरिबांसाठीची तडजोड वाटली होती. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात ती काचपेट्या कमी पडल्या म्हणूनच सुरू झाली. पण जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. १.८ किलोच्या आतल्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पाव हिश्श्यानं कमी झाले. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या कक्षातही ही पद्धत हवीच.

बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी उघडं. आईचा गाऊन पुढून उघडा. दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वास अडकत नाही. वरून कापड बांधायचं. एका बैठकीत निदान तासभर, आणि दिवसाचे मिळून आठ तासांपासून जितके जमतील तितके. सतत काढ-घाल केली की बाळ थकतं. पहिल्या वेळी मी श्वासही जपून घेत होते. मॉनिटरवर तिचे ठोके सावकाश एकसारखे झाले, पाय गरम झाले आणि माझा गाऊन दुधानं भिजला.

आठ तास एकटीनं जमत नाही, टाक्यांवर तर नाहीच. सिस्टरांनी नवऱ्याला बोलावलं. तो कचरत होता, "मी बाप्या माणूस, मला कसं जमेल?" "बापाची छाती काय थंड असते का?" म्हणून त्यांनी त्याला खुर्चीत बसवलंच. मग सासूबाईंचीही पाळी लागली. पांघरुणाखाली नातीला घेऊन त्या विठ्ठलाचं नाव घेत बसायच्या.

बाळ आत असलं की आई स्वतः पेशंट आहे हे घरचे विसरतात आणि तीही विसरते. प्रसूतीनंतरही बीपी काही आठवडे वाढू शकतो. आमच्या सिस्टर बाळाची चौकशी करणाऱ्या प्रत्येक आईला आधी विचारत, गोळी घेतली? जेवलीस? डोकं दुखतं का? झोप लागते का, की रडत राहतेस? छिंदवाड्याहून, बालाघाटहून, गडचिरोलीहून आलेल्या बाया होत्या, काहींचं माणूस गावी परत गेलेलं. त्यांच्याशी सिस्टर तुटक्या हिंदीत, खुणांनी बोलत. एकीचं बाळ राहिलं नाही. तिची खाट आमच्या वॉर्डातून रातोरात हलवली, बाळांचं रडणं कानी पडू नये म्हणून. दूध मात्र तिला येतच होतं. छाती दाटू नये म्हणून थोडंसंच कसं काढायचं, हे सांगायला एक सिस्टर ड्युटी संपल्यावरही तिच्यापाशी बसल्या. अशा सेवेची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? कक्षात आणखी दोन सिस्टर असत्या तर किती बाळांचं आणि आयांचं भलं होईल, हे तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा.

वजन आधी उतरलं, मग थांबलं, मग वाढू लागलं. दर किलोमागे रोज पंधरा ते वीस ग्रॅम वाढ हवी, आणि ती सलग तीन दिवस दिसली की घरी सोडायचा विचार होतो. पण नुसतं वजन पुरत नव्हतं. मी एकटीनं तिला पाजून दाखवलं, कांगारू बांधून दाखवलं, थर्मामीटर लावून आकडा वाचला, तेव्हा डिस्चार्जचा कागद तयार झाला. आमचा खर्च किरकोळच झाला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंत मोफत आहे.

घरी नेलं तेव्हा जानेवारी होता आणि नागपूरची थंडी ऐन भरात. सासूबाईंनी शेकशेगडीची तयारी केली होती: कोळसा, ओवा, धुरी. बंद खोलीत कोळशाचा धूर अशा फुप्फुसांना घातक, हे सिस्टरांनी त्यांनाच समोर बसवून सांगितलेलं, म्हणून घरात वाद झाला नाही. आंघोळही दोन किलो होईपर्यंत नाही, फक्त कोमट पाण्यानं पुसणं. मध नाही, गुटी नाही, काजळ नाही, नाकाकानात तेल नाही. तळहाताची मागची बाजू आधी पोटाला, मग तळपायाला लावायची. पोट गरम आणि पाय गार म्हणजे थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्यायचं. दोन्ही गार असले तर छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा. श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, अंग गरम लागणं, यांतलं काहीही दिसलं तरी थांबायचं नाही.

आशाताई वजनकाटा घेऊन येत. नवजात बाळाची घरी येऊन काळजी घ्यायची ही पद्धत आपल्या गडचिरोलीतली. डॉक्टर अभय आणि राणी बंग या दांपत्यानं गावातल्या बायांना शिकवलं, तिथली नवजात बालकं वाचू लागली, ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशा ते करू लागल्या.

चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे महिन्याच्या आत दाखवावे लागतात. अगदीच लहान बाळांचे त्याहूनही आधी. बाळ छान दूध पितंय म्हणून ही तारीख टाळू नका, बाहेरून काहीच दिसत नाही. पहिल्या वेळी डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या नाहीत, पुन्हा या. पुन्हा गेलो, आणखी एकदा गेलो, आणि मग त्यांनी सांगितलं की डोळे पूर्ण तयार आहेत.

मी तशीच शिशू कक्षात जाऊन इन्चार्ज सिस्टरांना ते सांगितलं. त्यांनी लेकीच्या टोपीवरून हात फिरवला, लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत का विचारलं, सहा आठवड्यांची लस जन्मतारखेपासूनच मोजायची हे पुन्हा बजावलं. मग म्हणाल्या, "आणि तुझा बीपी कधी पाहिला?" बरेच दिवस झाले, म्हटलं. "बस मग," म्हणून त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला.