सगळं सांगून टाका त्याला

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय माझा फार लाडका. त्यात 12 वर्षं रक्तस्रावाने पिडलेली एक बाई आहे. वैद्य झाले, होता नव्हता तो पैसा संपला, दुखणं वाढतच गेलं. गर्दीतून मागून येऊन ती प्रभू येशूच्या वस्त्राला हात लावते आणि तिथल्या तिथे बरी होते. पण प्रभू थांबतो. माझ्या वस्त्रांना कोणी हात लावला, म्हणून विचारतो. तिकडे याईर नावाच्या माणसाची लेक मरणाला टेकलेली, प्रभू तिच्याकडेच निघालेला, बाप जिवाच्या आकांताने सोबत चाललेला, तरी थांबतो. ती थरथरत त्याच्या पाया पडते, सगळं खरं सांगते. तेव्हा तो तिला ‘मुली’ म्हणतो आणि शांतीने जा म्हणतो.

शरीर तर आधीच बरं झालं होतं. मग थांबला कशासाठी? मला वाटतं, त्या सांगण्यासाठीच. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या नियमांप्रमाणे ती अशुद्ध. बसेल ती जागा, निजेल ते अंथरूण विटाळलेलं. इतकी वर्षं माणसं तिच्यापासून अंग चोरत असतील. ते दुखणं कुठल्या वैद्याच्या हाताला लागणार होतं?

मी नर्स आहे. वरची कातडी जुळली आणि आत पू राहिला, तर जखम पुन्हा उघडून साफ करावी लागते. पेशंट कळवळतो, पण त्याला इलाज नसतो. मनाचंही तसंच आहे.

माझे यजमान गेले तेव्हा मला स्तुतीचं एक गीत म्हणवेना. त्या काळात 88 वं स्तोत्र हाताशी आलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. हे अंधारातच संपतं. देवाने अशी प्रार्थनासुद्धा पवित्र शास्त्रात राहू दिली, हे बघून मला रडू फुटलं. मग मी तीच म्हणत राहिले. पुढे राग बोलून दाखवला, धाकट्या दिरांबद्दलचाही. आजारपणात ते एकदाही फिरकले नव्हते. त्यांचं नाव घेतलं की माझे दात आवळले जायचे. एका रात्री त्यांच्या मुलांसाठी प्रार्थना करताना लक्षात आलं, जबडा सैल आहे. ही माझी साक्ष.

औषधं चालू असतील तर कृपा करून थांबवू नका. येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या प्रेषित पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता. आणि मागितलेलं सगळं मिळतं असंही मी सांगणार नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला, कृपा मिळाली. त्या कृपेवर माणूस उभा राहतो, हे मी अनुभवलंय.

म्हणून तुम्हाला विनवते, येशूकडे या. चर्चला जात नसलात तरी या. सुंदर शब्द जुळवत बसू नका, जे आत आहे तेच बोला. एकट्याने झेपत नसेल तर याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडा: मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. जवळच्या मंडळीतल्या पाळकांना नुसतं ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलंत तरी चालेल. कारण नंतर सांगा, जमेल तेव्हा.