निवृत्त वैमानिकांचे मंडळ आणि बँकेतील दोन सह्या : माझा अनुभव

हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेना नगरात असल्यामुळे शेवटची नेमणूक नागपुरात झालेले अनेक जण येथेच घर करतात. त्यामुळे निवृत्त वैमानिक, नॅव्हिगेटर आणि फ्लाइट इंजिनिअर यांच्या आमच्या मंडळाला सदस्यांची किंवा ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाला येणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. मंडळ बंद पडायची वेळ आली ती बँकेतील सह्यांमुळे, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

खाते अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष यांच्या संयुक्त सहीने चालत असे. कोषाध्यक्षांचे निधन झाल्यावर आम्ही सर्वसाधारण सभेत नवी कार्यकारिणी निवडली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, दाखल केला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर अशा अर्जाला आधी तात्पुरती मान्यता देता येते. तो आदेश आम्हाला सुरळीत मिळाला.

बँकेच्या शाखेने मात्र तो आदेश बाजूला सारला. अंतिम मान्यता आणि नव्या नावांचा परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातील विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीचा) उतारा आणल्याशिवाय सह्या बदलणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. ते कसेबसे मिटते, तोच नवी अडचण निघाली : सह्या बदलण्यासाठी बँकेत द्यायच्या अर्जावर हयात असलेल्या जुन्या सहीदाराची, म्हणजे अध्यक्षांची, सही हवी होती. आमचे अध्यक्ष पॅकेट या मालवाहू विमानांवरचे नॅव्हिगेटर. ज्या हाताने त्यांनी नकाशावर लेहचे मार्ग आखले, तो हात आता कापतो. काउंटरवर सह्यांच्या नमुन्याचे पिवळे पडलेले कार्ड ठेवले होते, त्यावर त्यांची ठाशीव, उजवीकडे कललेली सही होती, आणि शेजारी नुकतीच केलेली, मध्येच तुटलेली रेघ. “काका, सही जुळत नाही,” एवढे म्हणून कर्मचाऱ्याने कागद परत केला. ओळखपत्र आणि पेन्शनचे कागद हातात घेऊन तो माणूस समोर उभा असताना कार्डावरच्या सहीला अधिक मान मिळावा, हे मला आजही सहन होत नाही.

तोवर सभागृहाचे भाडे आम्ही खिशातून भरत होतो. नोव्हेंबरमधील हयातीच्या दाखल्याचे शिबिर मात्र थांबवता येणार नव्हते. वयोवृद्ध सदस्यांच्या आणि दिवंगत सदस्यांच्या पत्नींच्या बोटांचे ठसे यंत्रावर अनेकदा उमटत नाहीत. त्यांच्यासाठी मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढून देणारे कोणीतरी लागते, आणि ते काम आमचे मंडळ करते. मंडळ टिकवायचे ते याचसाठी.

अखेर मी तोंडी बोलणे थांबवले. नकार कोणत्या नियमाखाली आहे हे लेखी द्यावे, असा अर्ज देऊन त्याची पोच घेतली आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाऊ, असे त्यात स्पष्ट लिहिले. प्रादेशिक कार्यालयातून विधी अधिकाऱ्यांचा अभिप्राय आला. मग शाखाधिकारी स्वतः अध्यक्षांच्या घरी आले आणि दोन साक्षीदारांसमोर त्यांचा अंगठा घेतला. खाते सुरू झाले त्या दिवशी मला पहिल्या एकट्या उड्डाणानंतर वाटला होता तेवढाच अभिमान वाटला.

अशी मंडळे चालवणाऱ्यांनी सहीदार तीन ठेवावेत आणि त्यांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा, असा ठराव आजच करून घ्यावा. तिघांपैकी एक जण तरी वयाने बराच लहान असावा. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवाले, म्हणजे ठरावीक मुदतीसाठीच नेमलेले अधिकारी, १० किंवा १४ वर्षांत बाहेर पडतात, म्हणजे ते पस्तिशीच्या आसपास असतात. त्यांना केवळ स्नेहभोजनाला न बोलावता थेट कार्यकारिणीत घ्यावे. बँकेत जाताना सभेचे इतिवृत्त, मृत्यूचा दाखला आणि बदल अर्जाची पोच यांच्या साक्षांकित प्रती एकाच वेळी द्याव्यात. लेखापरीक्षणही वेळेत उरकावे, कारण ३१ मार्चनंतरच्या सहा महिन्यांत ते झालेले नसेल तर पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी तोच प्रश्न विचारला जातो. आणि ज्यांचा हात कापू लागला आहे अशा सहीदाराच्या सहीचा नवा नमुना दर एप्रिलमध्ये बँकेत द्यावा. आम्ही तो आता देतो.