आपल्याकडे काय शाळा कमी होत्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही काही पहिले नाही. टांझानियाहून परत आल्यापासून लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बाकावर, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे मी तोंड उघडून बसलेली असताना हाच प्रश्न आला : ‘‘बाई, एवढ्या लांब आफ्रिकेत फुकट शिकवायला गेलात, आपल्याकडे काय खेड्यातल्या शाळा कमी होत्या?’’

कमी नव्हत्या. त्यातल्याच चार शाळांत मी ३१ वर्षं गणित शिकवलं. तेव्हा ‘इथे का शिकवता’ असं कुणी विचारलं नाही. ५८ व्या वर्षी शाल-श्रीफळ हातात पडलं आणि तीन महिन्यांत कळलं की मला काही घरी बसवत नाही. सेवाभाव वगैरे मागाहून आला. आधी हे.

गाव इरिंगा भागातलं. दार-एस-सलामहून बसने सुमारे ५०० किलोमीटर. हमरस्ताच मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानातून जातो, त्यामुळे खिडकीतून फुकटात जिराफ दिसतात. पुढे रुआहा नदीच्या खोऱ्यात गोरखचिंचांचं रानच्या रान. आपल्याकडे एखादी गोरखचिंच असली तरी तिला नाथांची गोष्ट चिकटते, इथे गोष्टी पुरायच्या नाहीत. मग घाट चढला की थंडी. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून मी स्वेटर नेलाच नव्हता. जूनमध्ये मितुम्बात, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बाजारात, एक घेतला. अजून वापरते.

पहिल्याच सकाळी वाटेत भेटलेली मुलं थांबून म्हणाली, ‘‘शिकामो.’’ मोठ्यांना करायचा हा नमस्कार. शब्दाचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरतो’. आपण ‘मराहाबा’ म्हणायचं. म्हणजे वाकून नमस्कारच, फक्त न वाकता. भारतीय माणूस तिथे ‘म्हिंदी’, आणि मक्याला म्हणतात ‘महिंदी’. चहूकडे मक्याची शेतं आणि मध्ये मी.

आता शिकवण्याचं. मी होते तेव्हा टांझानियात सरकारी प्राथमिकची सात वर्षं इंग्रजी सोडून सगळे विषय स्वाहिलीत. तिथे गणिताला ‘हिसाबाती’ म्हणतात, ऐकूनच हुश्श वाटतं. पण माध्यमिकच्या पहिल्या वर्गात, फॉर्म वनला, मूल पोचलं की स्वाहिली हा विषय सोडून सगळं इंग्रजीत. सुरुवातीचे काही आठवडे इंग्रजीची ओळख करून देतात आणि मग एकदम पाण्यात. २०१६ पासून सरकारी माध्यमिक शाळांची फी माफ झाली, मुलं वाढली. माझ्या वर्गात ७४. एका बाकावर तीन, कधी चार.

मी अपूर्णांक घेतले. फळ्यावर सुबक चित्रं, स्वच्छ इंग्रजी. ‘‘समजलं?’’ विचारलं की ७४ गळ्यांतून ‘‘येस, मॅडम!’’ महिनाभर मी खुशीत. चाचणी घेतली तर ६० वर पेपर जवळजवळ कोरे. कोरेही नाहीत खरं तर. मुलांनी प्रश्नच सुंदर अक्षरात उतरवून काढले होते. मला आमची सेमी-इंग्रजीची पहिली बॅच आठवली. तीही असंच करायची, आणि मी ‘अभ्यास नको यांना’ म्हणत लाल पेन चालवायचे.

ते पेपर शिक्षकांच्या खोलीत माझ्याबरोबर पाहिले ते एका तरुणाने. कोण, ते सांगते. मला रोज बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून, शाळेत सोडणारा मुलगा. त्या दिवशी पाऊस होता म्हणून आत येऊन थांबला होता. पेपर बघत म्हणाला, ‘‘यांना देबे आणि गुनियाने विचारा.’’ देबे म्हणजे मका मोजायचा डबा, गुनिया म्हणजे गोणी. शब्द ऐकले की कानाला आपलेच वाटतात. साधारण सहा देब्यांची एक गुनिया. त्याहून फुगवून भरली की ती ‘लुम्बेसा’, आणि व्यापारी शेतकऱ्याला लुबाडतो तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून त्यालाच वर्गात उभं केलं. त्याने स्वाहिलीत विचारलं, ‘‘गुनियातले दोन देबे काकाला दिले. किती भाग गेला?’’ मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता, ताडकन म्हणाली, ‘‘थेलुथी मोजा!’’ एक तृतीयांश. मग त्याने लुम्बेसा काढला. गोणीत सातवा देबे कोंबला आणि पैसे सहाचेच दिले, तर तुमचा कितवा भाग बुडाला? वर्ग पेटला. बापाचं नुकसान कुणाला मोजता येत नाही? उत्तर आल्यावर त्याने ते फळ्यावर इंग्रजीत मांडलं आणि सगळ्यांकडून इंग्रजीत वदवून घेतलं. मी खिडकीशी उभी राहून वहीत लिहून घेत होते.

मुलगा शिक्षक होता. गणिताची पदवी, शिकवायचं रीतसर प्रशिक्षण, आणि भरतीची वाट बघत तिसरं वर्ष. तोवर मोटरसायकल. आपल्याकडे डी.एड., बी.एड. करून पतपेढीत नाहीतर रसवंतीवर बसलेली पोरं मला माहीत आहेत, तरी त्या दिवशी पोटात कालवलं. कारण त्याची जागा अडवून मी उभी होते. फुकट. शाळेला फुकटचं माणूस मिळालं की पगाराचं माणूस मागायची घाई कोण करेल?

दुसऱ्या सत्रात मुख्याध्यापकांनी पालकांची वर्गणी काढून त्याला फॉर्म वनच्या दोन तुकड्या दिल्या. वर्गणी वेळेवर जमायची नाही, म्हणून मोटरसायकल सुटली नाही. मी उरलेलं वर्ष त्याची मदतनीस झाले. तपासणी, पाढे, मागे पडलेल्यांचा दुपारचा तास. तिथे मी खरी कामाची होते.

सगळं गोड नव्हतं. तिथे छडीला कायद्याने परवानगी आहे : जास्तीत जास्त चार, आणि त्याही मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या शिक्षकाने. प्रत्यक्षात मोजत कोण बसतं? पहिली छडी पाहिली तेव्हा मी गप्प राहिले. पाहुणी होते म्हणून नव्हे. आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा येण्याआधी मी स्वतः छडी वापरलेली होती, म्हणून. कुठल्या तोंडाने बोलणार?

आता तुमचा पुढचा प्रश्न, भाचीचा. तिला तीन आठवडे जायचंय ना? तिला सांगा, टुरिस्ट व्हिसावर वर्गात उभं राहता येत नाही. स्वयंसेवकालाही ‘सी’ वर्गाचा निवासी परवाना लागतो. दोन-तीन आठवड्यांसाठी बक्कळ पैसे घेऊन पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचे पाहुणे भिंत रंगवतात, मुलांबरोबर फोटो काढतात, आणि पुढची तुकडी येऊन तीच भिंत पुन्हा रंगवते. तिथलं शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं. ते अख्खं देता येत असेल आणि आधी सहा महिने स्वाहिली शिकायची तयारी असेल, तर माझ्याकडे पाठवा. माझी वही देईन.

गावाहून निघताना त्या मोटरसायकलवाल्या मुलानेच मला बसपर्यंत सोडलं. बॅग टाकीवर, मी मागे. भाडं पुरेपूर घेतलं, सुटे मोजून परत दिले. बस यायला वेळ होता म्हणून विचारलं, फॉर्म टूला भूमिती आधी घेऊ की बीजगणित? मी म्हटलं भूमिती. त्याला पटलं नाही. बस येईपर्यंत आम्ही भांडत होतो.