तीन मिनिटं नऊ सेकंद

त्या मुलाच्या गटाला मी अकराव्या होलवरच हटकलं होतं. पुढचा गट दिसेनासा झालेला, आणि हे तिघे ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, उकिडवे बसून चारी बाजूंनी उतार न्याहाळतायत. "जरा पाय उचला, नाहीतर घड्याळ लावावं लागेल." गोल्फ रेफरीचं निम्मं आयुष्य हे एक वाक्य म्हणण्यात जातं. बाकीचे दोघे हसले. हा मात्र "हो सर" म्हणाला आणि तिथून पुढे फटका मारला की ट्रॉली ओढत पळतच सुटायचा.

मुलांच्या राष्ट्रीय हौशी अजिंक्यपद स्पर्धेचा दुसरा दिवस. दोन दिवस स्ट्रोक प्ले, म्हणजे एकूण फटक्यांची मोजणी, त्यातून 64 जण मॅच प्लेला, म्हणजे एकास एक बाद फेऱ्यांना. हा बरोब्बर कटच्या रेषेवर.

चौदाव्याला त्याचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला फटका, उजवीकडच्या उंच गवतात गेला. तिथल्या स्वयंसेवकाने दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे 'चेंडू आहे, काळजी नको', आणि झेंडी रोवली. मग प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवलाच तर म्हणून मारून ठेवायचा दुसरा चेंडू, कोण मारेल? स्वयंसेवकांविषयी बोललं की आयोजकांना लागतं, पण दहा मिनिटांत शिकवून उन्हात उभा केलेला माणूस दोन चेंडूंमधला कुठला कुणाचा हे कसं सांगणार? झेंडीपाशी होता तो सोबतच्या मुलाचा.

चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. 2019 च्या आधी पाच मिळायची. बघणाऱ्यांना वाटतं, चेंडू गवतात गेला की वेळ सुरू. तसं नाही. खेळाडू स्वतः किंवा त्याची बॅग वाहणारा कॅडी शोधू लागला की सुरू. आईबापांनी आधीपासून गवत तुडवायला घेतलं असेल तर तो वेळ धरत नाहीत. म्हणून तर मुरलेले खेळाडू अशा वेळी रमतगमत येतात, तोवर दहा माणसं फुकटात शोधत असतात. आमचं पोरगं धावत आलं. मीच धावायला लावलं होतं.

तो झेंडीपाशी पोचला, वाकला, आणि मी बटण दाबलं.

चेंडू त्याच कंपनीचा, नंबरही तोच. पण त्याच्या चेंडूवर दोन काळे ठिपके होते, आणि या चेंडूवर लाल रेघ. त्याने सोबत्याला हाक मारली, "अरे, हा तुझा का?" तो आला, बघून हो म्हणाला. मग खरी शोधाशोध. गवत घोट्याच्या वर, आदल्या रात्रीच्या पावसाने आडवं झालेलं. अशा गवतात चेंडूवर पाय पडला तरच कळतो.

"वेळ संपली," मी हात वर करून सांगितलं. आणि लगेच सोबत्याचा आवाज, "इथे आहे! दोन ठिपके!" घड्याळ थांबवलं तेव्हा त्यावर 3 मिनिटं 9 सेकंद होते. मुदतीच्या आत चेंडू नुसता दिसला असता, तरी ओळख पटवायला वर थोडा वेळ देता आला असता. मुलाने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. तो म्हणाला, "हो सर."

क्लबातल्या रविवारच्या खेळात दोन फटक्यांचा दंड घेऊन तिथेच चेंडू टाकायची सोय ठेवता येते. या पातळीवर ती ठेवत नाहीत. चेंडू हरवला की पुन्हा जिथून मारला तिथूनच, म्हणून त्याला माझ्याच बग्गीतून टीवर परत नेलं. मागचा गट तिथे खोळंबलेला. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही. एक फटका दंडाचा, म्हणून टीवरून तिसरा, चौथ्यात ग्रीन, मग भोकात घालायला तीन हलके फटके. 7. संध्याकाळी शेवटच्या जागांसाठी प्लेऑफ झाला, त्यात यायला त्याला एकच फटका जास्त झाला होता.

वडील आले. "नऊ सेकंदांनी काय आभाळ कोसळणार होतं?" याला उत्तर सोपं आहे, तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. दिलं. पण ते चुकीच्या सेकंदांवर चिडले होते. वाकणं, लाल रेघ दिसणं, सोबत्याला विचारणं, यात सुरुवातीचे दहा-बारा सेकंद तरी गेले असतील. त्या वेळी तो 'शोधत' होता का? त्याच्या लेखी चेंडू सापडलेलाच होता, तो पुढचा फटका मारायला आला होता. घड्याळ सोबत्याने हो म्हटल्यापासून धरलं तर चेंडू मुदतीत सापडतो.

मुख्य रेफरींना विचारलं. "जागेवर पोचला, वाकला, सुरू. कीस काढू नकोस." त्यांना आपल्या निर्णयाची शंका आलेली मी वीस वर्षांत पाहिलेली नाही. बहुधा म्हणूनच ते मुख्य आहेत.

रेफरीच्या निर्णयावर खेळाडूला परस्पर दाद मागता येत नाही, रेफरीची तयारी असेल तरच वर विचारता येतं. वॉकीटॉकी माझ्या कमरेलाच होता. पण त्या घडीला मला काही खटकलंच नाही, आणि "सर, तुम्ही बटण कधी दाबलंत?" असं विचारणारा तो मुलगा नव्हता. असता तर अकराव्यानंतर पळाला नसता.

रात्री अहवाल भरला. होल, नियम क्रमांक, निर्णय, वेळ, सगळ्यांना रकाने आहेत. शोध कुठल्या क्षणी सुरू झाला, याला नाही. समासात लिहिलं, 'घड्याळ झेंडीपाशी सुरू केले.'